स्थानाधिष्ठित विपणन

स्थानाधिष्ठित विपणन : ग्राहक या क्षणी कोठे आहे, पूर्वी कोठे जाऊन आला आहे किंवा नित्य कोठे जातो, याविषयी त्याच्या मोबाइल फोनकडून मिळणाऱ्या माहितीच्या आधारे त्याला जाहिरात दाखविणे, सवलत देऊ करणे अथवा जाहिरातीचा परिणाम मोजणे, या व्यापारी व्यवहारास स्थानाधिष्ठित विपणन असे म्हणतात. ही माहिती मूलतः अगदी साधी असते. एक अक्षांश, एक रेखांश, एक वेळ आणि ज्या फोनची नोंद आहे त्याचा सांकेतिक क्रमांक, एवढाच तिचा आशय. एकेकटी नोंद बहुधा क्षुल्लक असते. पण अशा नोंदी ओळीने लावल्या म्हणजे त्यांतून एका माणसाचा दिनक्रम उभा राहतो. ज्या गुणामुळे व्यापाराच्या दृष्टीने या माहितीला मोल येते, त्याच गुणामुळे ती धोक्याचीही ठरते.

ठिकाण पाहून माल विकणे ही कल्पना जुनी आहे. एस. टी. स्थानकाबाहेरचा फळवाला, रुग्णालयासमोरचा औषधविक्रेता आणि बाजाराच्या वारी परगावी पाल ठोकणारा कापडव्यापारी हे सर्व तिचेच अनुसरण करतात. अमेरिकेत विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये किरकोळ व्यापारातील ‘गुरुत्वाकर्षणा’चा नियम मांडला. दोन शहरांच्या दरम्यान असलेल्या वस्तीतील गिऱ्हाईक प्रत्येक शहर आपल्याकडे किती ओढून घेते, हे त्या शहराच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असा या नियमाचा आशय आहे. पुढे १९६० नंतरच्या दशकात डेव्हिड हफ यांनी एखादा ग्राहक विशिष्ट दुकानात जाण्याची संभाव्यता काढण्याचे सूत्र दिले. या सर्व विचारात गिऱ्हाईक म्हणजे एक समूह होता. अमुक वस्तीतील शंभरांपैकी किती लोक येतील, एवढेच विचारले जाई. कोण येईल, हे विचारण्याची सोय नव्हती. मोबाइल फोनने ती सोय केली.

या सोयीचा उगम मात्र व्यापारात नाही. जागतिक स्थाननिश्चिती यंत्रणा (जीपीएस) अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लष्करी गरजेसाठी उभारली व ती १९९५ मध्ये पूर्णतः कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठी मिळणाऱ्या संदेशांत हेतुपुरस्सर दोष मिसळण्यात येत असे. त्यामुळे स्थान सुमारे शंभर मी.पर्यंत चुकत असे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या आरंभी हा दोष काढून टाकण्यात आला आणि नागरी उपकरणांची अचूकता एका रात्रीत अनेक पटींनी वाढली. दरम्यान १९९६ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मोबाइल कंपन्यांवर असे बंधन घातले, की संकटकाळी ‘९११’ या क्रमांकावर येणारा दूरध्वनी कोठून आला हे त्यांनी सांगता आले पाहिजे. रस्त्यावर अपघात झालेल्या माणसापर्यंत रुग्णवाहिका पोहोचावी म्हणून फोनला आपले स्थान कळण्याची व्यवस्था अशा रीतीने सक्तीची झाली. जाहिरात-व्यवसायाला ती पुढे आयतीच मिळाली. भारतात मोबाइल सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत फोनच्या पडद्यावर त्या त्या भागाचे नाव उमटत असे. जवळच्या मनोऱ्याने ते सर्व फोनांकडे सारखेच प्रक्षेपित केलेले असे आणि त्यात फोनकडून काही परत जात नसे. २००७ मध्ये आयफोन व २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचे फोन बाजारात आले. २००८ मध्येच इतर कंपन्यांनी लिहिलेली ॲप फोनवर बसविण्याची सोय झाली आणि स्थानाची माहिती उलट दिशेने, म्हणजे फोनकडून बाहेर, वाहू लागली.

स्थाननिश्चितीची साधने : फोन आपले स्थान अनेक मार्गांनी ठरवितो आणि प्रत्येक मार्गाची अचूकता निराळी असते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून कालदर्शक संदेश सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा गणिताने काढतो. संदेश प्रकाशवेगाने येत असल्यामुळे वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मी.नी चुकते. उघड्या आकाशाखाली साधारण फोनची अचूकता पाच मी.च्या आसपास असते. उंच इमारतींच्या गर्दीत संदेश भिंतींवरून परावर्तित होतात व ती बिघडते. घरात उपग्रहांचा उपयोग थोडाच होतो. तेथे आसपासच्या वाय-फाय संचांचा आधार घेतात. असा प्रत्येक संच आपला क्रमांक सतत जाहीर करीत असतो. कोणत्या क्रमांकाचा संच कोठे आहे याचे प्रचंड कोश कंपन्यांनी तयार केलेले आहेत. मोबाइल कंपनीला आपल्या मनोऱ्यांवरून फोनचा ठावठिकाणा कळतो. शहरात काही शे मी., तर खेड्यात काही किमी. इतका तो ढोबळ असतो. ॲपल कंपनीने २०१३ मध्ये प्रचारात आणलेले ब्ल्यूटूथ दीपक दुकानाच्या फळीवर बसवितात. गिऱ्हाईक काही पावलांवर आले, की दुकानाच्या ॲपला ते कळते. इंटरनेट-जोडणीच्या पत्त्यावरून लावलेला अंदाज सर्वांत कच्चा असतो. त्यावरून फार तर शहर सांगता येते.

आकड्यांच्या लांबीवरूनही अचूकतेची कल्पना येते. अक्षांश दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत दिला असेल, तर त्यातून सुमारे १·१ किमी. रुंदीचा पट्टा, म्हणजे एखादा मोहल्ला कळतो; चार स्थळांपर्यंत दिला असेल, तर सुमारे ११ मी., म्हणजे घर कळते. जाहिरातीच्या बहुतेक कामांना मोहल्ला पुरेसा असतो. व्यवहारात मात्र घर मागितले जाते.

उपयोग : सर्वांत परिचित पद्धत भौगोलिक कुंपणाची होय. नकाशावर एखाद्या दुकानाभोवती वर्तुळ आखतात आणि त्या वर्तुळात शिरणाऱ्या फोनवर संदेश किंवा जाहिरात पाठवितात. प्रारंभीच्या प्रयोगांत ग्राहक आपले स्थान स्वतः होऊन सांगत असे. २००९ मध्ये सुरू झालेल्या फोरस्क्वेअर या सेवेचे सभासद उपाहारगृहात पोहोचल्यावर तशी नोंद करीत व सर्वाधिक नोंदी करणारा त्या जागेचा ‘महापौर’ ठरे. स्टारबक्स या कॉफी-विक्रेत्या कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत अशा महापौरांना एका पेयावर एक डॉलर सूट दिली होती.

कुंपणाचा सर्वांत गाजलेला उपयोग बर्गर किंग या कंपनीने ४ ते १२ डिसेंबर २०१८ या काळात अमेरिकेत केला. तिने कुंपण घातले ते आपल्या दुकानांभोवती नव्हे, तर प्रतिस्पर्धी मॅकडॉनल्ड्सच्या सुमारे चौदा हजार दुकानांभोवती. त्यांपैकी एखाद्यापासून ६०० फुटांच्या आत उभे राहून बर्गर किंगच्या ॲपवर मागणी नोंदविली, की कंपनीचा प्रमुख बर्गर एका सेंटला मिळे. नंतर ॲपच ग्राहकाला जवळच्या बर्गर किंगकडे जाण्याची वाट दाखवी. या नऊ दिवसांत ते ॲप सुमारे पंधरा लक्ष फोनांवर उतरविण्यात आले. या योजनेत ग्राहकाने ॲप स्वतः घेतलेले होते, आपले स्थान कशासाठी विचारले जात आहे हे त्याला ठाऊक होते आणि मोबदल्यात काय मिळणार हेही स्पष्ट होते. क्षेत्रातील नंतरच्या बऱ्याच व्यवहारांत या तिन्ही गोष्टी आढळत नाहीत, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा उपयोग जाहिरातीचे फळ मोजण्याचा आहे. वृत्तपत्रात किंवा रस्त्यावरील फलकावर जाहिरात पाहून किती लोक दुकानात आले, हे व्यापाऱ्याला पूर्वी नीट कळत नसे. गूगलने डिसेंबर २०१४ पासून जाहिरातदारांना ‘दुकान-भेटीं’चे अंदाज देण्यास प्रारंभ केला. स्थानांची नोंद चालू ठेवलेल्या ग्राहकांच्या नमुन्यावरून ते काढलेले असत व ते एकत्रित आकड्यांच्या स्वरूपात दिले जात. अशा समूहवाचक मोजणीची ताकद मोठी आहे. अमेरिकेतील चिपोटले या उपाहारगृहांच्या साखळीतील गिऱ्हाईक अन्नविषबाधेच्या प्रकरणानंतर ओसरले, तेव्हा २०१६ च्या पहिल्या तिमाहीत तिची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घटली असेल, असे भाकीत फोरस्क्वेअरने लोकांच्या ये-जा नोंदींवरून आधीच वर्तविले. कंपनीने नंतर जाहीर केलेली घट २९·७ टक्के होती.

तिसरा उपयोग ग्राहकांचे गट पाडण्याचा. गेल्या महिन्यात मोटारविक्रीच्या तीन दालनांत गेलेला फोन ‘मोटार घेऊ इच्छिणारा’, आठवड्यातून चार वेळा व्यायामशाळेत जाणारा ‘आरोग्याविषयी दक्ष’, अशा चिठ्ठ्या फोनाला चिकटविल्या जातात आणि जाहिरातदार त्या चिठ्ठ्यांनुसार जाहिरात विकत घेतात.

माहितीचा व्यापार : फोनमधील स्थान जाहिरातदारापर्यंत पोहोचण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. हवामान, खेळ, विजेरी यांसारखी अनेक ॲप फुकट मिळतात. त्यांचे निर्माते त्यांत दुसऱ्या कंपनीने दिलेला तयार प्रोग्रामचा तुकडा बसवितात व त्याबद्दल त्यांना पैसे मिळतात. तो तुकडा स्थानाच्या नोंदी परस्पर त्या कंपनीकडे धाडतो. ग्राहकाने परवानगी दिलेली असते ती हवामानाच्या ॲपला. त्यामागील कंपनीचे नावही त्याला ठाऊक नसते.

दुसरा मार्ग लिलावाचा आहे. ॲपमध्ये जाहिरातीची जागा रिकामी झाली, की ती विकण्यासाठी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास एवढ्या अल्पावधीत एक लिलाव पुकारला जातो. जागेचे वर्णन, फोनचा जाहिरात-क्रमांक आणि पुष्कळदा अक्षांश-रेखांश अनेक बोली लावणाऱ्यांकडे एकाच वेळी जातात. जागा एकाला मिळते, पण माहिती सर्वांनी पाहिलेली असते. बाजारात हरणाऱ्याच्या हाती सहसा काही राहत नाही. येथे हरणाऱ्याच्या हातीही ग्राहकाचा ठावठिकाणा राहतो आणि केवळ तो गोळा करण्यासाठी लिलावात बसणे शक्य होते. अशा रीतीने जमविलेल्या नोंदी पुन्हा विकणाऱ्या मध्यस्थांचा, म्हणजे माहितीच्या दलालांचा, एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला आहे.

अचूकतेच्या मर्यादा : या मालाची प्रत विक्रेते सांगतात तेवढी चांगली असतेच असे नाही. स्थान जोडलेल्या जागेला अधिक भाव मिळत असल्यामुळे जेथे खरे स्थान माहीत नाही, तेथे शहराच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश भरून देण्याचा मोह होतो. ढोबळ स्थान नेमक्या आकड्यांत लिहिले, की ते नेमके वाटू लागते. याचा विलक्षण परिणाम अमेरिकेतील कॅनझस राज्यात पॉटविन या गावाजवळील एका शेतघरास भोगावा लागला. इंटरनेट-पत्त्यांची स्थाने पुरविणाऱ्या एका कंपनीने, ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिका’ यापलीकडे काही ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक पूर्णांकी बिंदू लिहिला. तो बिंदू या शेतात पडला. साठ कोटींहून अधिक पत्ते त्यामुळे या एका घराच्या नावे लागले आणि फसवणूक, चोरीला गेलेली वाहने, हरवलेली माणसे यांचा शोध घेत पोलीस व त्रस्त नागरिक वर्षानुवर्षे त्याच्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये हा उलगडा झाल्यावर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला.

दाट वस्तीत आणखी एक अडचण येते. अक्षांश-रेखांशावरून मजला कळत नाही. मुंबईतील एखाद्या इमारतीत तळमजल्यावर मिठाईचे दुकान, त्यावर शिकवणी वर्ग व त्यावर दंतवैद्य असेल, तर तेथे अर्धा तास थांबलेला फोन कोणाचा गिऱ्हाईक, हे नोंदीवरून ठरत नाही. शिवाय नमुना सर्वसमावेशक नसतो. स्मार्टफोन नसलेले, एकाच फोनवर सारे कुटुंब भागविणारे किंवा स्थानसेवा बंद ठेवणारे लोक त्यातून गळतात. त्यावरून नवे दुकान कोठे काढावे हे ठरविणाऱ्यास वस्तीचे चित्र एकांगी दिसण्याचा संभव असतो.

निनावीपणाचा प्रश्न : या व्यवसायाचे मुख्य समर्थन असे, की नोंदींत नाव किंवा दूरध्वनी-क्रमांक नसतो, असतो तो केवळ एक यादृच्छिक जाहिरात-क्रमांक. हे समर्थन फारसे टिकत नाही. जो फोन रोज रात्री कोथरूडमधील एका घरी असतो व कामाच्या दिवशी हिंजवडीतील एका कचेरीत असतो, तो कोणाचा हे ओळखण्यास नावाची गरज नसते. तसा माणूस बहुधा एकच असतो. ईव्ह-अलेक्झांडर द माँजॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पंधरा लक्ष लोकांच्या पंधरा महिन्यांतील मोबाइल-नोंदी तपासल्या. नोंदी तासागणिक व मनोऱ्यांच्या अंतराइतक्या ढोबळ असूनही केवळ चार ठिकाणे व वेळा माहीत असल्यास ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा काढता येतो, असे त्यांना आढळले. नोंदी अधिक ढोबळ केल्या तरी हे वेगळेपण फार मंद गतीने घटते, असेही त्यांनी दाखविले. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या हाती २०१९ मध्ये एका दलालाचा माहितीसाठा लागला. त्यात एक कोटी वीस लक्षांहून अधिक अमेरिकी फोनांच्या पाच हजार कोटींहून अधिक नोंदी होत्या आणि वार्ताहरांना त्यांतून लष्करी अधिकारी व इतर अनेक व्यक्ती ओळखता आल्या.

नाव न कळताही इजा होऊ शकते. बॉस्टन परिसरातील एका जाहिरात-व्यावसायिकाने अमेरिकेतील काही शहरांत गर्भपाताची सेवा देणाऱ्या दवाखान्यांभोवती कुंपणे आखली. आत बसलेल्या स्त्रियांच्या फोनवर गर्भपाताचा विचार सोडण्यास सुचविणाऱ्या जाहिराती दाखविल्या जात व त्या दवाखान्यातून गेल्यानंतरही महिनाभर त्यांच्या मागे लागत. मॅसॅचूसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी या पद्धतीस हरकत घेतली आणि एप्रिल २०१७ मध्ये झालेल्या समझोत्यान्वये त्या राज्यातील आरोग्यकेंद्रांभोवती असे कुंपण न घालण्याचे बंधन त्या व्यावसायिकाने मान्य केले. येथे कुंपणाचे तंत्र बर्गरच्या जाहिरातीतलेच होते. फरक होता तो केवळ जागेचा.

लंडनच्या सिटी विभागात २०१३ मध्ये रस्त्यावरील काही कचरापेट्यांत बसविलेल्या यंत्रांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनांचे वाय-फाय क्रमांक टिपण्यास प्रारंभ केला, तेव्हा तेथील नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते थांबविण्यास सांगितले. पुढील वर्षी ॲपलने आपल्या फोनांतून असे क्रमांक शोधाच्या वेळी बदलते ठेवण्याची योजना केली. फोन-निर्मात्यांनी नंतर आणखी पावले उचलली : ॲप वापरात असतानाच स्थान देण्याची किंवा एकदाच देण्याची मुभा (२०१९), नेमक्याऐवजी ढोबळ स्थान देण्याची सोय (ॲपल २०२०, अँड्रॉइड २०२१) आणि इतर कंपन्यांच्या ॲपमधून माग काढण्यापूर्वी स्पष्ट अनुमती घेण्याची ॲपलची सक्ती (२०२१). यांमुळे जाहिरात-व्यवसायाला मिळणारी माहिती आटली. पण परवानगी कोणाला व कशी मिळावी हे ठरविण्याची सत्ता मोजक्या फोन-निर्मात्यांच्या हाती गेली आणि त्यांचाही जाहिरातीचा स्वतःचा व्यवसाय आहे, ही बाब दृष्टिआड करता येत नाही. ‘स्थानांचा इतिहास’ बंद ठेवूनही गूगल अन्य मार्गांनी स्थानांची नोंद ठेवते, असे २०१८ मध्ये उघडकीस आले. त्यासंबंधी कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९·१५ कोटी डॉलरचा समझोता केला.

कायदा : यूरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीत (मे २०१८ पासून लागू) वैयक्तिक माहितीच्या व्याख्येतच स्थानमाहितीचा उल्लेख आहे. अमेरिकेत असा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नसल्यामुळे संघीय व्यापार आयोग फसव्या व अन्याय्य व्यापाराच्या कायद्याखाली एकेका कंपनीवर कारवाई करीत आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड या माहिती-दलाल कंपनीवर त्याने संवेदनशील ठिकाणांची, म्हणजे दवाखाने, प्रार्थनास्थळे, निवारागृहे इत्यादींची, माहिती विकण्यास बंदी घातली. अशा प्रकारचा तो पहिलाच आदेश होता.

आयोगाच्या यापूर्वीच्या एका कारवाईचा भारताशी थेट संबंध आहे. २००७ मध्ये मुंबईत ‘एमखोज’ या नावाने निघालेली व नंतर बंगळूरूला गेलेली इनमोबी ही कंपनी मोबाइल जाहिरातींच्या क्षेत्रात जगभर पसरली. ग्राहकाने अनुमती दिली तरच स्थान घेतले जाते, असे तिचे सांगणे होते. आयोगाच्या आरोपानुसार, अनुमती देणाऱ्या फोनांवरून कोणता वाय-फाय संच कोठे आहे याचा कोश कंपनीने तयार केला आणि ज्यांनी अनुमती नाकारली, त्यांचे फोन कोणत्या संचाजवळ आहेत हे पाहून त्यांचेही स्थान काढले. त्यांत लहान मुलांसाठी असलेल्या ॲपचाही समावेश होता. जून २०१६ मध्ये कंपनीने ९,५०,००० डॉलर दंड भरण्याचे व अशी माहिती नष्ट करण्याचे मान्य केले. शेजाऱ्याने दिलेली अनुमती नकार देणाऱ्यालाही उघडे पाडू शकते, हे या प्रकरणाने दाखविले. वैयक्तिक संमतीवर उभारलेल्या कोणत्याही कायद्यापुढे हा प्रश्न उभा राहतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये संमती ही स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी व पूर्ण माहिती मिळाल्यावर दिलेली असली पाहिजे आणि ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे. स्थानमाहितीला या अधिनियमात वेगळा संवेदनशील दर्जा दिलेला नाही. इतर वैयक्तिक माहितीप्रमाणेच ती मानली जाते. मात्र अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांना त्यात मनाई आहे. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले व संमतीविषयक मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावीत, अशी तरतूद करण्यात आली.